अटकेकडून संरक्षणाकडे : मनोरुग्ण, पोलीस आणि आपला कायदा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली मराठी शिकण्याचे भाग्य मला लाभले. शब्दाचा अर्थ कोशात काय दिला आहे याइतकेच तो शब्द माणसांच्या व्यवहारात काय करतो, हे पाहण्याची सवय त्यांनी आम्हां मुलांना लावली. पुढे चाळीस वर्षे भाषेचा अध्यापक म्हणून काढली, तेव्हा हीच सवय माझ्या उपयोगी पडली. आजचा विषय वरवर पाहता कायद्याचा आणि वैद्यकाचा आहे. मी वकील नाही, वैद्यही नाही. परंतु कायदा हाही अखेर शब्दांनीच बनतो, आणि एखाद्या क्रियापदाच्या जागी दुसरे क्रियापद आले म्हणजे हजारो माणसांचे दैव पालटते, किंवा पालटायला हवे असते. अशा एका बदलाचा इतिहास आपल्यापुढे मांडण्याचा माझा विचार आहे.

प्रश्न साधा आहे. मन बिघडलेला एखादा माणूस भर रस्त्यात आरडाओरडा करतो, कुणाच्या दुकानावर दगड भिरकावतो, रेल्वेच्या रुळांवर जाऊन बसतो किंवा अंगावर रॉकेल ओतून घेतो. अशा वेळी तेथे सर्वांत आधी पोहोचणारा सरकारी माणूस बहुधा डॉक्टर नसतो; तो पोलीस शिपाई असतो. त्याच्यापुढे दोन वाटा असतात. एक वाट ठाण्याच्या कोठडीकडे आणि तेथून खटल्याकडे जाते, दुसरी इस्पितळाकडे. ही दुसरी वाट आपल्या देशात केव्हा आणि कशी उघडली, आणि ती आज कितपत वाहती आहे, हे पाहावयाचे आहे. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ अशी आपल्याकडे म्हण आहे. ज्याचे शहाणपण काही काळ हरपले आहे, त्याने ती चढावी की नाही, याविषयी मात्र म्हण गप्प आहे.

१. भर्तव्य

प्रथम आपल्या घरातले शब्द पाहू. वेडा, खुळा, पिसा, भ्रमिष्ट. संतांच्या भाषेत ‘वेड’ आणि ‘पिसे’ हे शब्द भक्तीच्या उंच अवस्थेचीही नावे झाले. देवाचे वेड लागणे हे भूषण होते. परंतु व्यवहारात वेडा म्हटला गेलेला माणूस चेष्टेचा, भीतीचा आणि क्वचित दयेचा विषय असे.

आपल्या धर्मशास्त्राने या माणसाविषयी दोन गोष्टी सांगितल्या. याज्ञवल्क्यस्मृतीप्रमाणे उन्मत्ताने केलेला व्यवहार ग्राह्य नाही, म्हणजे त्याच्या भ्रमाचा फायदा घेऊन कोणी त्याचे शेत लिहून घेऊ शकत नाही. आणि वडिलार्जित मालमत्तेत त्याला वाटा नाही. परंतु तो ‘भर्तव्य’ आहे, म्हणजे त्याचे पालनपोषण करण्यास कुटुंब बांधलेले आहे. या स्मृतीवरील ‘मिताक्षरा’ ही विख्यात टीका विज्ञानेश्वराने चालुक्यांच्या कल्याणी नगरीत लिहिली. ते कल्याण आज कर्नाटकाच्या बिदर जिल्ह्यात आहे, म्हणजे आपल्यापासून काही फार दूर नाही. आपल्या भागातील हिंदू कुटुंबांचे वारसाव्यवहार पुढे शतकानुशतके याच ग्रंथाच्या आधारे चालले.

‘भर्तव्य’ हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. तथापि त्याच्या मोहात पडून जुन्या काळाचे सोनेरी चित्र रंगवण्यात अर्थ नाही. वाटा नाकारणे आणि अन्न देणे या दोन्ही गोष्टी एकाच श्लोकात आहेत. वाड्याच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत साखळीने बांधून ठेवलेला काका किंवा मांत्रिकाच्या छडीखाली रडणारी सून हेही त्याच व्यवस्थेचे दुसरे अंग होते. शिवाय ही सारी जबाबदारी घराची होती. ज्याचे घर मोडले, किंवा ज्याला घराने टाकले, तो रस्त्यावर आला. आणि रस्ता हा स्मृतिकारांचा प्रांत नव्हता. तो पुढे सरकारचा झाला.

२. दरोगा आणि दंडाधिकारी

१८५८ साली कंपनीचे राज्य जाऊन राणीचे राज्य आले. त्याच वर्षी वेडाविषयी तीन कायदे झाले. ३४ आणि ३५ क्रमांकांच्या कायद्यांचा रोख मुख्यतः मनोरुग्णाच्या इस्टेटीच्या व्यवस्थेवर होता. ३६ व्या कायद्याने वेड्यांच्या इस्पितळांची व्यवस्था लावली. मोकाट भटकणारी जी माणसे वेडी समजली जातात, तसेच वेडामुळे जी धोकादायक मानली जातात, त्यांना पकडून दंडाधिकाऱ्यापुढे पाठवणे हे पोलीस अधिकाऱ्याचे कर्तव्य या कायद्याने ठरवले. पोलीस आणि मनोरुग्ण यांची कायदेशीर गाठ आपल्याकडे अशी पडली. ती पडली तीच ‘पकडणे’ या क्रियापदाने.

दोन वर्षांनी, १८६० मध्ये, भारतीय दंडसंहिता तयार झाली. तिच्यात आपल्या विषयाची दोन कलमे आहेत. कलम ८४ म्हणते की, मनाच्या विकृतीमुळे आपण काय करतो आहोत, किंवा ते चुकीचे आहे, हे ज्याला समजू शकत नाही, त्याचे कृत्य अपराध होत नाही. १८४३ साली इंग्लंडमध्ये मॅकनॉटनच्या खटल्यानंतर न्यायाधीशांनी जी तत्त्वे सांगितली, त्यांचीच छाया या कलमावर आहे. याच संहितेचे कलम ३०९ म्हणत होते की, आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला एक वर्षापर्यंत साधी कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा होतील. म्हणजे बिघडलेल्या मनाला दोष देऊ नये हे ज्या ग्रंथाने मान्य केले, त्याच ग्रंथाने जिवावर उदार झालेल्या दुःखी माणसाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. ही विसंगती पुढे १६० हून अधिक वर्षे टिकली.

येथे एक बारकावा लक्षात घ्यावयास हवा. कलम ८४ ची दया न्यायालयात मिळते, चौकीवर नाही. आपण त्या वेळी भानावर नव्हतो हे दाखवण्याचा भार आरोपीवरच असतो. तोपर्यंत त्याने कोठडी, जामीन, तारखा हे सारे भोगलेले असते. ज्याला स्वतःचे नाव धड सांगता येत नाही, त्याने स्वतःचा बचाव सिद्ध करावा, अशी ती अपेक्षा आहे.

मुंबई इलाख्यात कुलाबा, पुणे, धारवाड, अहमदाबाद, रत्नागिरी या ठिकाणी वेड्यांची इस्पितळे होती. लोकांच्या जिभेवर त्यांची कशी छाप बसली पाहा. आमच्या लहानपणी कोणी विक्षिप्त वागला की ‘याला धारवाडला पाठवा’ असे म्हणत. कोकणातले पाहुणे ‘रत्नागिरी’ म्हणत, मुंबईकर ‘ठाणे’, पुणेकर ‘येरवडा’. इंदूर-ग्वाल्हेरकडील आप्त ‘आग्रा’ म्हणत. इस्पितळामुळे चांगल्या नांदत्या शहरांची नावे शिवीसारखी वापरली जाऊ लागली. उपचाराच्या जागेचे नाव जेथे शिवी होते, तेथे माणूस उपचाराला जाण्यापूर्वी दहा वेळा विचार करणार, हे उघड आहे.

३. बिनगुन्हेगार वेडे

१९१२ चा चौथा कायदा हा या विषयातील दीर्घायुषी कायदा. त्याच्या १३ व्या कलमाने ठाणे अंमलदाराला मोकाट फिरणाऱ्या वेड्यास अटक करण्याचा अधिकार दिला, आणि धोकादायक वेड्यास अटक करणे त्याच्यावर बंधनकारक केले. मूळ शब्द ‘अटक’ हाच आहे. चोराला लावावयाचा शब्दच रुग्णालाही लावला गेला. अटकेनंतर दंडाधिकारी, डॉक्टरचा दाखला आणि मग इस्पितळात दाखल करण्याचा हुकूम, असा क्रम होता.

कागदावर हा क्रम वाईट नव्हता. अडचण अशी होती की, इस्पितळांत जागाच नव्हती. १९४६ साली भोर समितीने आरोग्यव्यवस्थेचा जो अहवाल दिला, त्याप्रमाणे अखंड ब्रिटिश हिंदुस्थानात मनोरुग्णांसाठी सुमारे १०,००० खाटा होत्या. अटक केलेल्या माणसाला ठेवायचे कोठे? तुरुंगात. त्यातून सरकारी कागदपत्रांत ‘गुन्हेगार वेडे’ आणि ‘बिनगुन्हेगार वेडे’ अशी वर्गवारी रूढ झाली. भाषेचा अभ्यासक म्हणून मी या दुसऱ्या शब्दापाशी नेहमी थबकतो. ‘बिनगुन्हेगार’ असा शिक्का मारूनही माणसाला तुरुंगात ठेवता येते, याची कबुली त्या एका शब्दात आहे.

हे केवळ इंग्रजी अमदानीत घडले असे नाही. १९८२ मध्ये बिहारमधील हजारीबागच्या तुरुंगातील काही मनोरुग्ण कैद्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे एका पत्रातून आला. बरे होऊनही अनेक वर्षे ती माणसे आत होती, कारण त्यांना सोडण्याचा हुकूम काढावा हे कोणाच्या लक्षात आले नव्हते. आसाममधील एका गृहस्थांना १९५१ साली अटक झाली आणि तेजपूरच्या मनोरुग्णालयात धाडण्यात आले. १९६७ मध्ये ते बरे असल्याचा दाखला मिळाला. त्यानंतर त्यांना घरी पाठवण्याऐवजी गुवाहाटीच्या तुरुंगात पाठवले गेले. ते सुटले २००५ साली. त्यांच्यावर खटला चाललाच नव्हता. चोपन्न वर्षे! या शाळेत बालवर्गात आलेला मुलगा त्या काळात निवृत्तीच्या वयाला पोहोचतो.

या अन्यायाविरुद्ध ज्या व्यक्ती लढल्या, त्यांत मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांचे नाव अग्रभागी आहे. पश्चिम बंगालच्या तुरुंगांतील मनोरुग्णांविषयी त्यांनी सर्वोच्च न्यायालयात लढा दिला, आणि १९९३ साली न्यायालयाने निःसंदिग्ध शब्दांत सांगितले की, गुन्हा न केलेल्या मनोरुग्णाला तुरुंगात ठेवणे बेकायदा आणि घटनाबाह्य आहे. इतकी साधी गोष्ट सांगण्यास प्रजासत्ताकाला ४३ वर्षे लागली.

४. ओळखीची दया

येथवरचे वर्णन ऐकून आपला असा समज होईल की, पोलीस तेवढे कठोर आणि समाज तेवढा निर्दय होता. तसे नाही. १९६० च्या दशकात आम्ही शहापुरात राहत असू. आमच्या गल्लीत एका सुखवस्तू घरातील तरुण मुलाला अधूनमधून भ्रम होई. एकदा त्याने चौकातील शिंप्याच्या दुकानाच्या काचा फोडल्या आणि हातात काचेचा तुकडा घेऊन तो रस्त्याच्या मध्यभागी उभा राहिला. चौकीवरचे हवालदार आले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, काठी दुकानाच्या कट्ट्यावर ठेवली आणि ते जवळच्या पायरीवर बसून त्याच्याशी बोलू लागले. “बाळ, दमलास की रे. आई जेवायची थांबली असेल,” एवढेच शब्द मला आठवतात. अर्ध्या तासाने तो मुलगा त्यांच्याबरोबर घरी गेला. वडिलांनी काचांचे पैसे भरले. चौकीवर कसलीच नोंद झाली नाही.

खटल्याला पर्याय शोधण्याची आज जी शास्त्रे निघाली आहेत, त्यांतील बहुतेक सूत्रे त्या हवालदारांना शिकवल्यावाचून अवगत होती. आवाज खाली ठेवावा, हत्यार दूर ठेवावे, घाई करू नये, घरच्या माणसाचे नाव घ्यावे. पण मी पुढे या प्रसंगाचा विचार केला तेव्हा दुसरी गोष्ट लक्षात आली. हवालदार त्या घराला ओळखत होते. मुलाचे वडील प्रतिष्ठित होते आणि पैसे भरू शकत होते. त्याच चौकात एखादा परप्रांतीय, फाटक्या कपड्यांतला, भाषा न समजणारा माणूस काच घेऊन उभा असता, तर काठी कट्ट्यावर राहिली असती का? आमच्या सीमाभागात तर मराठी, कन्नड, उर्दू, कोकणी अशा चार भाषा एका बाजारपेठेत चालतात. भ्रमात माणूस आपल्या मायबोलीकडेच वळतो, आणि ती समोरच्याला कळली नाही तर त्याचे बोलणे निव्वळ दंगा ठरते.

म्हणून माझे म्हणणे असे की, खटल्याऐवजी उपचाराची वाट आपल्याकडे पूर्वीपासून होती. मात्र ती ओळखीच्या माणसाला, मेहरबानी म्हणून मिळे. ओळखीच्याला मिळणारी ती दया अनोळखी माणसाला हक्क म्हणून मिळावी, हाच या विषयातील कायद्याच्या दीडशे वर्षांच्या प्रवासाचा अर्थ आहे.

५. मुंबईचा शिपाई

या प्रवासातील एक महत्त्वाचा टप्पा मुंबईत गाठला गेला, आणि त्याच्या केंद्रस्थानी एक मराठी पोलीस शिपाईच होता. निकालांच्या संग्रहात तो खटला त्यांच्याच नावाने नोंदलेला आहे. परंतु एका आजारी माणसाचे नाव व्यासपीठावरून उच्चारण्याचे मला कारण दिसत नाही.

मुंबई शहर पोलीस दलातील या शिपायाला १९८१ मध्ये रस्त्यावरील अपघातात डोक्याला इजा झाली आणि पुढे त्यांचे मन बिघडले. उपचार चालू होते. घरखर्चास हातभार लागावा म्हणून त्यांच्या पत्नीने भाजीचा ठेला लावण्याच्या परवान्यासाठी अर्ज केला होता. एप्रिल १९८५ मध्ये त्यासंबंधी महापालिका आयुक्तांना भेटण्यास ते गेले असता भेट मिळाली नाही. उद्वेगाच्या भरात त्यांनी अंगावर रॉकेल ओतून पेटवून घेण्याचा प्रयत्न केला. त्यांना वेळीच धरण्यात आले, ते वाचले. आणि त्यांच्यावर कलम ३०९ खाली खटला भरण्यात आला. ज्या दलाची सेवा केली, त्याच दलाने आपल्या आजारी सहकाऱ्याला आरोपी केले. त्यात कोणा व्यक्तीचा दुष्टावा नव्हता. कायद्याने शिपायाच्या हाती दुसरे साधनच दिले नव्हते.

१९८६ साली मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती पी. बी. सावंत आणि न्यायमूर्ती कोळसे पाटील यांच्या खंडपीठाने कलम ३०९ घटनाबाह्य ठरवले. मनोविकारामुळे जो आत्मघाताकडे वळतो, त्याला मनोविकारतज्ज्ञाची गरज आहे, कोठडीची नाही. कोठडीत त्याची अवस्था अधिकच बिघडेल, असा त्या निकालाचा आशय आहे. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांनी हेच मत उचलून धरले. परंतु १९९६ मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने ते फिरवले आणि कलम पुन्हा जिवंत झाले.

ज्या इंग्लंडमधून ही कल्पना आपल्याकडे आली, त्याने स्वतः १९६१ सालीच आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा मानणे सोडून दिले होते. आपल्या विधी आयोगाने १९७१ मध्ये हे कलम काढून टाकण्याची शिफारस केली. १९७८ मध्ये राज्यसभेने तसे विधेयकही मंजूर केले. पण लोकसभा विसर्जित झाल्याने ते बारगळले. २००८ मध्ये आयोगाने पुन्हा तीच शिफारस केली. इंग्रज गेले, त्यांनी आपल्या घरातले हे जुने कुलूप मोडूनही टाकले, आणि आपण मात्र त्याची किल्ली जपून ठेवली.

६. क्रियापद बदलले

आता ज्या बदलाचा मी आरंभी उल्लेख केला, त्याकडे येतो. १९८७ मध्ये मानसिक आरोग्य कायदा संमत झाला आणि १ एप्रिल १९९३ पासून अमलात आला. त्याने १९१२ चा कायदा रद्द केला. नव्या कायद्याच्या २३ व्या कलमात ‘अटक करणे’ जाऊन ‘संरक्षणात घेणे’ असे शब्द आले. ‘वेडा’ जाऊन ‘मानसिक आजार असलेली व्यक्ती’ आली. तिला ताब्यात घेण्याचे कारण सांगणे आणि २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे नेणे आवश्यक ठरले. शब्द बदलले, पण वाट अजून न्यायालयातूनच जात होती.

ती वाट वळवली २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने. हा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्याच्या मसुद्याच्या कामात पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीतील अभ्यासकांचा वाटा होता, हे आपण अभिमानाने नोंदवावे. या कायद्याचे १०० वे कलम प्रत्येक ठाण्याच्या भिंतीवर लावण्याजोगे आहे. मानसिक आजारामुळे स्वतःची काळजी घेण्यास असमर्थ असलेली किंवा स्वतःला वा इतरांना धोका ठरू शकणारी व्यक्ती आढळल्यास ठाणे अंमलदाराने तिला संरक्षणात घ्यावे. त्याचे कारण तिला, किंवा तिला समजत नसेल तर तिच्या वतीने पाहणाऱ्याला, सांगावे. लवकरात लवकर, उशिरात उशिरा २४ तासांच्या आत, तिला जवळच्या सार्वजनिक रुग्णालयात तपासणीसाठी न्यावे. तिला कोणत्याही परिस्थितीत पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवू नये. ती बेघर असेल तर हरवलेल्या व्यक्तीची नोंद करावी आणि तिच्या घरच्यांचा शोध घ्यावा.

हे शेवटचे वाक्य पुन्हा ऐका. रस्त्यावर भटकणाऱ्या माणसाविषयी कायदा प्रथमच असे म्हणतो की, हा कोणाचा तरी हरवलेला माणूस आहे. १८५८ च्या कायद्यात तो ‘मोकाट’ होता, २०१७ मध्ये ‘हरवलेला’ झाला. मोकाट जनावराला कोंडवाडा असतो. हरवलेल्या माणसाला घर असते.

याच कायद्याच्या ११५ व्या कलमाने असे गृहीत धरले की, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली असते. तसे नसल्याचे सिद्ध झाल्याखेरीज तिच्यावर खटला चालवू नये आणि तिला शिक्षा करू नये. इतकेच नव्हे, तर तिला काळजी, उपचार व पुनर्वसन पुरवण्याचे कर्तव्य सरकारवर टाकले. पुढे १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि जुने कलम ३०९ तिच्यात घेतले गेले नाही.

परंतु गोष्ट येथे संपत नाही. नव्या संहितेत २२६ वे कलम आहे. लोकसेवकाला त्याचे कर्तव्य करण्यास भाग पाडण्याच्या किंवा त्यापासून रोखण्याच्या हेतूने जो आत्महत्येचा प्रयत्न करील, त्याला एक वर्षापर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही, किंवा समाजसेवेची शिक्षा आहे. आता मुंबईच्या त्या शिपायाला डोळ्यांपुढे आणा. महापालिकेचे कार्यालय, आयुक्तांची नाकारलेली भेट, परवान्याचा अर्ज, हातात रॉकेल. ज्यांच्या खटल्याने जुन्या कलमाला पहिला मोठा हादरा दिला, तेच गृहस्थ आज त्याच ठिकाणी उभे राहिले, तर त्यांच्यावर या नव्या कलमाचा वापर करण्याचा मोह एखाद्या अधिकाऱ्याला होऊ शकेल. २०१७ च्या कायद्यातील संरक्षणाची वाक्यरचना जुन्या ३०९ ला उद्देशून आहे. ते संरक्षण २२६ पुढेही तितकेच भक्कम उभे राहावे, हे पाहणे विधिज्ञांचे काम आहे. आपल्या शाळेचे अनेक माजी विद्यार्थी वकिलीत आहेत. त्यांच्यापुढे मी हा प्रश्न ठेवतो.

दुसरी उणीव अशी की, काच फुटली, दगड लागला, किरकोळ मारामारी झाली, म्हणजे गुन्ह्याची नोंद झाली, तर ठाण्याच्या पातळीवरच खटल्याऐवजी उपचाराकडे वळवण्याची स्वतंत्र, आखीव वाट आपल्या कायद्यात नाही. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत अटक यांत्रिकपणे करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बजावले आहे. त्याचा आधार मनोरुग्णाला मिळू शकतो. पण तो अधिकाऱ्याच्या समजुतीवर अवलंबून राहतो. आमच्या गल्लीतील हवालदारांचे शहाणपण अजूनही व्यक्तीचाच गुण राहिले आहे. ती अद्याप व्यवस्था झालेली नाही.

७. इतरत्र काय झाले

ती व्यवस्था कशी होते, हे पाहण्यासाठी परदेशांतील अनुभवाकडे थोडक्यात पाहू. अमेरिकेतील मेम्फिस शहरात १९८७ साली पोलिसांच्या गोळीने एक मनोरुग्ण तरुण मरण पावला. लोकांत मोठा क्षोभ झाला. १९८८ मध्ये तेथील पोलीस, रुग्णांच्या कुटुंबीयांची संघटना आणि विद्यापीठे यांनी एकत्र येऊन स्वेच्छेने पुढे आलेल्या शिपायांना ४० तासांचे खास शिक्षण देण्यास आरंभ केला. ही पद्धत पुढे अनेक शहरांनी उचलली. यूजीन नावाच्या शहरात १९८९ पासून पोलिसाऐवजी परिचारक आणि समुपदेशक गाडी घेऊन जात. त्या प्रयोगाचा जगभर बोलबाला झाला. तरीही २०२५ मध्ये त्या शहरातील ही सेवा थांबली. इंग्लंडमध्ये १९८३ च्या कायद्याने पोलिसांना मनोरुग्णास ‘सुरक्षित स्थळी’ नेण्याचा अधिकार दिला. पण हे सुरक्षित स्थळ पुष्कळदा पोलीस कोठडीच असे. शेवटी २०१७ च्या कायद्याने १८ वर्षांखालील मुलांसाठी कोठडीस पूर्ण मनाई झाली आणि प्रौढांसाठी तिचा वापर फार मर्यादित झाला.

या तीन उदाहरणांचा बोध एकच आहे. शिपायाला शिकवावे लागते. शिकवल्यावर माणसाला नेण्यासाठी जागा असावी लागते. आणि ती जागा चालू ठेवण्यासाठी पैसा सतत लागतो. यांपैकी एक पाय मोडला की तिवई पडते.

८. आपल्या हातात काय आहे

आपल्याकडे कायद्याने क्रियापद बदलले. पण रात्री दोन वाजता तालुक्याच्या ठाण्यावर बसलेल्या अंमलदारापुढे कायद्याचे पुस्तक नसते, आरडाओरडा करणारा माणूस असतो. जवळच्या रुग्णालयात त्या वेळी मनोविकार जाणणारा डॉक्टर नसेल आणि रुग्णाला न्यायला गाडी नसेल, तर ‘संरक्षण’ या शब्दात पुन्हा जुनी ‘अटक’ शिरते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून देशात सुरू झाला. त्याचा नमुना आपल्याच राज्यातील बळ्ळारी जिल्ह्यात तयार झाला होता. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली मानस’ ही सरकारी दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चालू आहे. आपल्या ओळखीत कोणी जिवाला कंटाळल्याची भाषा करत असेल, तर हा क्रमांक त्याच्यासाठी आहे, आणि घाबरलेल्या घरच्यांसाठीही आहे.

सरकारखेरीजही काही घडू शकते. डॉ. भरत वाटवाणी आणि त्यांच्या पत्नी यांनी १९८८ मध्ये स्थापन केलेल्या श्रद्धा संस्थेने रस्त्यावरील मनोरुग्णांना आणून, बरे करून, देशाच्या कानाकोपऱ्यांतील त्यांच्या घरी पोहोचवण्याचे काम कर्जतहून केले. २०१८ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कोणाच्या तरी तोंडून निघालेल्या अर्धवट गावाच्या नावावरून घर शोधायचे, हे त्यांचे काम. आणि तेथे भाषा जाणणारा माणूस लागतो. आपल्या सीमाभागातील द्वैभाषिक, त्रैभाषिक माणसाचे मोल अशा वेळी कळते. ठाण्यावर आणलेल्या अनोळखी माणसाचे बोलणे समजून घेण्यास आपल्यापैकी कोणी अर्धा तास गेला, तर तेवढ्याने ‘दंगा करणारा इसम’ हा ‘अमुक गावचा, अमुक नावाचा माणूस’ होऊ शकतो.

माझ्या शाळेने माझ्यासारख्या शेकडो मुलांना शब्दांचा आदर शिकवला. तो आदर परीक्षेपुरता नव्हता. ‘धारवाडला पाठवा’ हे आपण चेष्टेने म्हणतो तेव्हा उपचाराच्या दाराला एक अडसर घालतो. ‘मोकाट’ न म्हणता ‘हरवलेला’ म्हणतो तेव्हा तो अडसर थोडा सरकतो. कायद्याने आपले शब्द बदलण्यास दीडशेहून अधिक वर्षे घेतली. आपले शब्द बदलण्यासाठी आपल्याला संसदेची वाट पाहावी लागत नाही.

याज्ञवल्क्याने ज्याला घरापुरते ‘भर्तव्य’ म्हटले, त्याला आपल्या काळाच्या कायद्याने सर्व समाजाचे भर्तव्य केले आहे. त्या शब्दाला जागण्याची जबाबदारी ठाण्यावरील शिपायाइतकीच आपलीही आहे.